मुंबईत रोड सायकलिंग सुरू करताना: आधी झोपेची वेळ ठरवा, सायकल मागाहून

प्रश्न मुलुंडच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: वय ४३, उंची पाच फूट सात इंच, वजन ८४ किलो, नोकरी बीकेसीत. सायकल शेवटची चालवली ती दहावीत. ऑफिसातल्या एकाने रोड सायकल (बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची वेगवान सायकल) घेतली, त्याचे फोटो बघून यांच्याही मनाने उचल खाल्ली. बजेट पन्नास हजार. कुठली घेऊ, कुठे चालवू, गुडघे त्रास देतील का, आणि ‘मुंबईच्या रस्त्यावर सायकल म्हणजे जिवाशी खेळ’ असं म्हणणाऱ्या बायकोला काय सांगू? सोबत एका सेकंडहँड सायकलची जाहिरात पाठवली आहे: निळी, ५६ नंबरची फ्रेम, ३२ हजार, ‘फक्त २०० किलोमीटर चालवलेली’.

साहेब, यातला ‘कुठली घेऊ’ हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे, म्हणून तो जरा मागे ठेवतो. मी भांडुपला राहतो, चौदा वर्षं रोड सायकल चालवतोय, आणि नव्याने सुरू करणाऱ्या पंधरा-वीस जणांना तरी स्वतःबरोबर रस्त्यावर नेलं आहे. त्यातले निम्मे सहा महिन्यांत गळाले. एकाची सायकल दीड लाखाची होती, ती आज त्याच्या बाल्कनीत टॉवेल वाळत घालायच्या कामाला येते. जे टिकले त्यांच्यात एकच गोष्ट सारखी होती. त्यांना रात्री दहा-साडेदहाला झोपता यायचं.

कारण मुंबईत रोड सायकलिंग पहाटेच होतं. आठवड्यातून तीन दिवस सव्वापाचला जिना उतरायचा आणि साडेसातच्या आत घरी परत यायचं. त्यानंतर शाळेच्या बसेस, रिक्षा आणि ऊन तिन्ही एकदम सुरू होतात. तेव्हा सायकल घ्यायच्या आधी दोन आठवडे नुसतं पाचला उठून चालून या. जमलं तर पुढचं वाचा. नाही जमलं तर पन्नास हजार वाचले.

आता वहिनींची भीती. ती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. पण धोका नेमका कुठून येतो ते माहीत असलं की तो बराच टाळता येतो.

पहाटेचा रस्ता रिकामा असतो, पण रिकामा म्हणजे सुरक्षित असं समजू नका. रात्रभर टेम्पो चालवून पेंगुळलेला ड्रायव्हर त्याच वेळी घरी चाललेला असतो. रविवारी पाचला तर शनिवारच्या पार्ट्या संपवून परतणाऱ्या गाड्या असतात. सगळे नवीन लोक रविवारचा मुहूर्त धरतात, मला मात्र रविवारी उजाडल्याशिवाय हायवेवर जायला आवडत नाही. मंगळवार-गुरुवारची पहाट कितीतरी बरी. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, मेअखेरीस सहाला. म्हणजे थंडीत तुमची जवळजवळ सगळी सायकल अंधारात होणार. मागे लाल लुकलुकणारा दिवा, पुढे रस्ता दिसेल इतका पांढरा दिवा आणि डोक्यावर घट्ट बसणारं हेल्मेट या तीन गोष्टींशिवाय सोसायटीच्या गेटबाहेर पडायचं नाही. वहिनींना सांगा, दिवा चार्ज केला नसेल तर त्या दिवशी सायकल नाही, हा नियम मोडला तर किल्ली त्यांच्याकडे.

चालवायचं कसं हे शिकायचं असेल तर पहाटेच्या पाववाल्यांकडे बघा. काळी जुनी सायकल, मागे खांद्याएवढी उंच पाटी, वर निळं प्लॅस्टिक, दिवा नाही, ब्रेक असला तर असला. त्यातलं दिव्याचं आणि ब्रेकचं घेऊ नका. पण तो माणूस रस्त्याच्या कडेला चिकटत नाही. पार्क केलेल्या गाड्यांपासून हातभर लांब, सरळ रेषेत, एका चालीत जातो. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत घुसायचं आणि पुढची गाडी आली की परत बाहेर यायचं, असं नागमोडी तो करत नाही. वळायचं असेल तर आधी मान वळवून मागे बघतो. मागून येणाऱ्याला तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल हे कळलं पाहिजे. यालाच आम्ही लाइन धरणं म्हणतो. नवा माणूस घाबरून अगदी डावीकडे सरकतो. तिथे गाडीचा दरवाजा अचानक उघडतो, गटाराच्या जाळ्या असतात, वाळू साचलेली असते, आणि मागचा टॅक्सीवाला त्याच लेनमध्ये दामटून ओव्हरटेक करतो. कडेपासून किमान एक मीटर आत चालवा. हॉर्न वाजवतील. वाजवू द्या.

बेस्टची बस थांब्याकडे वळत असेल तर तिच्या डाव्या बाजूने कधीही घुसू नका, मागे थांबा. सिग्नल लाल असेल तर पहाटे पाचलाही थांबा. आणि कुत्री. हा मुंबईचा खास विषय. अंधारात झपाट्याने जाणाऱ्या चाकामागे ती धावतात, आणि घाबरून जोरात पायडल मारलं की आणखी चेव येतो. वेग कमी करा, गरज पडली तर उतरून, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चार पावलं चाला. तुम्ही माणूस आहात हे दिसलं की बहुतेक वेळा ती कंटाळून परत जातात.

आता पाऊस, कारण यात माझं स्वतःचं हाड गेलंय. एका जुलैत, पहाटेची रिमझिम, एका उड्डाणपुलावरून उतरत होतो. पुलाच्या दोन तुकड्यांच्या मध्ये लोखंडी जोडपट्टी असते ना, ती तिरकी ओलांडली. टायर २५ मिलिमीटरचे, पट्टी ओली. पुढचं चाक नुसतं बाजूला सरकलं, ब्रेक लावायचीही वेळ मिळाली नाही. डावं कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. पट्टीची काय अवस्था होती हे सांगून आता उपयोग नाही. चूक माझीही होतीच. ओलं लोखंड, झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग, मॅनहोलची झाकणं, पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यातले रूळ यांवरून जाताना चाक सरळ ठेवायचं, काटकोनात ओलांडायचं, आणि त्या दोन सेकंदांत ना ब्रेक ना वळण. पहिल्या पावसानंतरची पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात घसरडी, कारण महिन्यांचं साचलेलं तेल वर येतं. आणि साचलेल्या पाण्यातून सायकल घालूच नका. खाली काय आहे ते वरून कळत नाही, आणि मुंबईत खाली झाकण नसलेलं मॅनहोलही असू शकतं. तुम्ही सप्टेंबरनंतर सुरुवात करा, पहिला पावसाळा येईपर्यंत हात बसलेला असेल.

कुठे चालवायची? तुम्ही मुलुंडचे म्हणजे नशीबवान आहात. मरीन ड्राइव्हचे फोटो छान येतात, पण तो सगळा साडेतीन किलोमीटरचा रस्ता आहे आणि तुम्हाला तिथवर जायलाच तीस किलोमीटर पडतील. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि जेजेचा उड्डाणपूल यांवर दुचाकींनाही बंदी आहे, तिथे सायकल नेण्याचा विचारच नको. पहिले दोन महिने मुलुंडच्या आतले रुंद रस्ते आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेचा सर्व्हिस रोड एवढंच. गिअर बदलणं, एका हाताने बाटली काढणं, चालवताना मागे वळून बघणं, हे तिथे होऊ द्या. तिसऱ्या महिन्यात ऐरोली पूल ओलांडा, ठाणे-बेलापूर रोडने वाशी आणि तिथून पाम बीच रोडने बेलापूर. जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास होतात. थंडीपासून मेपर्यंत नेरूळजवळ टी. एस. चाणक्य या नौका-प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत फ्लेमिंगो असतात, तिथे दहा मिनिटं थांबल्याने सरासरी बिघडली तर बिघडू द्या. पाम बीचवर गाड्या फार वेगाने येतात, उजेड झाल्यावरच जा.

चढासाठी ठाण्याचं येऊर. उपवन तलावापासून वर. पहिल्यांदा जाल तेव्हा अर्ध्यात पाय टेकवाल, सगळेच टेकवतात. आरे कॉलनीतले चढ-उतार हलके आहेत आणि सावली भरपूर, पण तिथे बिबटे आहेत हे विसरू नका. अंधारात एकट्याने नको. घोडबंदरचा गायमुख घाट मात्र वर्षभर लांब ठेवा. ट्रक आणि खड्डे, दोन्ही जास्त.

आता सायकल. पन्नासातले दहा हजार आधी बाजूला काढा: हेल्मेट, दिवे, पंप, दोन ट्यूब, गादीवाली शॉर्ट. उरले चाळीस. त्यात ॲल्युमिनियमची साधी रोड सायकल, मागे आठ गिअरचा शिमानो क्लॅरिस सेट, पुढे ५०-३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागची सगळ्यात मोठी चकती ३२ दातांची, एवढं मिळालं की पुरे. ३२ दातांचा आग्रह धरा, येऊरच्या चढावर त्याची किंमत कळेल. कार्बन, एअरो, डीप रिम हे शब्द दुकानदार बोलायला लागला की चहा पिऊन निघा. टायर २८ मिलिमीटरचा तरी बसला पाहिजे, ३२ बसला तर आणखी चांगलं. २३-२५ चे टायर गुळगुळीत रस्त्यांसाठी. आपल्याकडे कुठला रस्ता कधी खोदला जाईल हे सांगता येत नाही. पावसात चालवणार असाल तर डिस्क ब्रेक, नाहीतर रिम ब्रेकही चालतील.

‘आधी हायब्रिड (सरळ हँडलची, जरा जाड टायरची सायकल) घेऊ का?’ हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. पाच-सहा किलोमीटर बाजारहाट करायचा असेल तर हायब्रिड उत्तम. लांब जायचं मनात असेल तर सहा महिन्यांत तीच विकून रोड घ्याल, मी हे सात-आठ वेळा पाहिलंय. त्यापेक्षा महिनाभर कुणाची उसनी चालवा.

सायकलीच्या ब्रँडपेक्षा साइज महत्त्वाची. पाच-सात उंचीला साधारण ५२ ते ५४ ची फ्रेम. मग सीटची उंची, आणि इथे तुमच्या गुडघ्यांचं उत्तर आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड वही दोन पायांच्या मध्ये वर दाबून धरा, जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. समजा ७९ सेंटिमीटर आलं. त्याला ०.८८३ ने गुणा, म्हणजे जवळपास ७०. पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंत ७० सेंटिमीटर ठेवा. पडताळा असा: टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा, कंबर न डुलता. आपण लहानपणी कैची मारून शिकलो, नंतर सीटवर बसलो तरी दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत ही सवय राहिली. रोड सायकलवर बसल्या-बसल्या पाय टेकत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं. हे एकदा डोक्यात शिरलं की अर्धे गुडघे बरे होतात.

गुडघ्याच्या वाटीपाशी दुखलं तर सीट खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर रेटताय. मागच्या बाजूला दुखलं तर सीट वर गेली आहे. पाच-पाच मिलिमीटरने बदला, एकदम दोन बोटं नको. जड गिअर मारला म्हणजे व्यायाम झाला ही समजूत सोडा. मिनिटाला ८०-९० वेळा पाय फिरेल असा हलका गिअर लावा. सुरुवातीला हे हास्यास्पद वाटतं, पाय नुसते गरगरतात. दोन आठवड्यांत सवय होते. तळहाताला मुंग्या आल्या तर कोपर ताठ आहेत, ते सैल सोडा. बुड दुखणं पहिले पंधरा दिवस राहणारच. जेलचं मऊ कव्हर घालू नका, त्याने उलट घासतं. आणि गादीवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं. हे कुणी सांगत नाही, मीही वर्षभर सोसून शिकलो.

वय आणि वजन बघता एकदा तुमच्या डॉक्टरांकडून रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर थांबायचं, फुशारकी नको.

पंक्चर घरीच शिका, रस्त्यावर नको. रोड सायकलच्या ट्यूबला बहुधा बारीक, वर छोटा स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. रिक्षाच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. एक छोटासा पितळी ॲडाप्टर सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. रविवारी दुपारी हॉलमध्ये पेपर पसरून मागचं चाक काढा, ट्यूब बदला, परत लावा. तीनदा करा. पहिल्यांदा पाऊण तास लागेल आणि चेनचं काळं सोफ्याला लागेल, याची पूर्वकल्पना घरात द्या. ट्यूब काढली की नवी घालायची घाई करू नका. टायरच्या आतून एक जुना रुमाल हळूहळू फिरवा. ट्रकचे टायर फुटून त्यातल्या केसासारख्या स्टीलच्या तारा ठाणे-बेलापूर रोडवर पडलेल्या असतात, त्यातली एखादी टायरमध्ये रुतून बसते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागली तर रक्त काढते, रुमालाचा धागा मात्र बरोबर तिथेच अडकतो. ती तार चिमट्याने ओढून काढली नाही तर दोन किलोमीटरवर नवी ट्यूबही पंक्चर झालीच समजा. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चावली. तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये पुढे ७५ आणि मागे ८० पीएसआयच्या आसपास ठेवा, आणि दर दोन-तीन दिवसांनी तपासा. या टायरांची हवा आपोआप उतरते.

खारी हवा चेन खाते. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून एकेका कडीवर ऑइलचा एकेक थेंब, मग जास्तीचं पुन्हा पुसून टाका. एवढं केलं तरी चालतं.

खाण्याचं थोडक्यात. तासाभराच्या राइडला पाणी पुरतं. दीड तासावर गेलात तर तासाला एखाद-दोन केळी किंवा खजूर-चिक्की, भूक लागायची वाट न बघता. मुंबईच्या दमटपणात घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, तेव्हा तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. परत आल्यावरची मिसळ हा वेगळा विषय आहे. वजन का उतरत नाही हे मग विचारू नका.

क्लीटवाले, म्हणजे तळाच्या खटक्याने पायडलमध्ये अडकणारे बूट सहा महिने नको. मी दुसऱ्याच आठवड्यात लावले आणि भर सिग्नलला, पूर्ण थांबलेलो असताना, झाडासारखा आडवा झालो. शेजारच्या रिक्षातल्या आजी म्हणाल्या, ‘अरे बाबा, पाय तरी टेकवायचा.’

पहिला महिना आठवड्यातून तीनदा १०-१५ किलोमीटर, दुसरा २५, तिसऱ्यात एखादा पन्नासचा दिवस. स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या ॲपवर सहकाऱ्याची सरासरी बघायची नाही. तीन महिन्यांनी एखाद्या ग्रुपबरोबर जा, पण पुढच्याच्या चाकाला चिकटून हवा चुकवण्याचा खेळ लगेच नको. वर्षभराने खुमखुमी वाटली तर २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब राइड आहे. साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे चहा-पंक्चर धरून ताशी १५ ची सरासरी. ही शर्यत नसते, वेळेत पोचलं की झालं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू डॉक्टरकी सांभाळून २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण करून आले. तुम्हाला तेवढं करायचं नाहीये. नोकरी सांभाळून काय-काय होऊ शकतं, एवढ्यासाठी सांगितलं.

बीकेसीला सायकलने जाण्याचा विचार या वर्षी बाजूला ठेवा. संध्याकाळी सायनवरून परत येणं हे वेगळंच कौशल्य आहे.

राहिली ती निळी सायकल. ती घेऊ नका. ५६ ची फ्रेम तुम्हाला मोठी, हँडलपर्यंत हात ताणले जातील आणि मानेचं दुखणं मागे लागेल. शिवाय फोटो मोठा करून बघा. हँडलची टेप पकडीच्या जागी काळी गुळगुळीत झाली आहे, ती २०० किलोमीटरमध्ये होत नाही. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू गंजलेत, म्हणजे समुद्राच्या हवेत बाहेर उभी असावी. लॉकडाउनमध्ये घेतलेल्या आणि नंतर पडून राहिलेल्या सायकली मुंबईत भरपूर आहेत, तुमच्या मापाची मिळेलच. बघायला जाल तेव्हा चेनची झीज मोजायची पट्टी घेऊन जा, चाक उचलून फिरवा आणि ब्रेकपाशी ते डुलतं का बघा, फ्रेमच्या जोडांवर रंगाला बारीक चीर आहे का ते मोबाइलच्या टॉर्चने तपासा. ५२ किंवा ५४ ची सापडली तर फोटो पाठवा, चेनच्या बाजूने काढलेला.